उभ्या रेघेचा माणूस

बाहेरगावचा पाहुणा वर्धा स्टेशनात उतरतो तो पांढरं बघायच्या तयारीनेच. गांधीजी, विनोबा, जमनालाल बजाज ही नावं त्याने शाळेत वाचलेली असतात. त्यामुळे ऑटोवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे खादीच्या पांढऱ्या सदऱ्यात फिरत असतील, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलेलं असतं. बजाज चौकात येईपर्यंत त्याचा विरस होतो. समोरचे लोक पांढरे नसतात, रंगीतही नसतात. ते रेघांचे असतात. पांढऱ्यावर निळी रेघ, करड्यावर तपकिरी रेघ, पिस्त्यावर एक जाड आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा. सगळ्या उभ्या, आणि सगळ्या सुती, किंवा सुती असल्याचा आव आणणाऱ्या. आमच्याकडे याला लायनिंगचा शर्ट म्हणतात. तलाठ्याच्या अंगावर तो, पतसंस्थेच्या मॅनेजरच्या अंगावर तो, कोर्टात तारखेला आलेल्या वादीच्या अंगावर तो आणि प्रतिवादीच्याही अंगावर तोच. दोघांची जमीन एका धुऱ्यावरून भांडत असते, पण कापड बहुधा एकाच थानातलं असतं.

ज्या गावात बजाज चौक आणि सोशालिस्ट चौक सुखाने नांदतात, त्या गावाला मधला मार्ग शिकवावा लागत नाही. लायनिंगचा शर्ट हा कपड्यातला मधला मार्ग आहे. पांढराशुभ्र शर्ट वर्ध्यात घालायचा म्हणजे माणूस एक तर चारित्र्यवान लागतो, नाही तर निवडणुकीला उभा. साध्या माणसाने पांढरा घातला की पानठेल्यावर लगेच चौकशी होते, "काय जी, तिकीट भेटलं का?" बरं, पांढरा नको म्हणून एकरंगी घ्यावा, तर एकरंगी शर्टाला पक्ष असतो. भगवा घातला की एक जण खूश होऊन पाठीवर थाप मारतो आणि दुसरा रस्ता ओलांडतो. निळा घातला की दोघांच्या भूमिका बदलतात. हिरवा घातला तर विचारूच नका. फुलाफुलांचा घ्यावा, तर माणूस गोव्याला जाऊन आला असं समजून त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. त्यात आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे तशा नजरेचे अर्थही जरा जास्तच निघतात. रेघेला मात्र पक्ष नाही, पंथ नाही, पूर्वेतिहास नाही. रेघेच्या शर्टात माणूस लग्नाला जाऊ शकतो, मौतीला जाऊ शकतो आणि मधल्या वेळात बँकेत पासबुक भरून आणू शकतो. कुठेही कुणी म्हणत नाही, हा काय घालून आला.

या शर्टाचे आमच्या घरातले सर्वोच्च अधिकारी म्हणजे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गणिताचे निवृत्त मास्तर. गावात त्यांना गुरुजी म्हणतात आणि घरात त्यांच्यामागे आणखी बरंच काही म्हणतात. त्यांच्या कपाटात शर्ट म्हणजे लायनिंगचेच. एकदा माझ्या वडिलांनी हौसेने त्यांना चौकटीचा आणला. मोठेबाबांनी तो उलटसुलट केला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे आलेखाचं पान मले कायले दिलं?" चौकटीचा शर्ट दुसऱ्या दिवशी नोकरवर्गाकडे, म्हणजे माझ्याकडे आला.

रेघेतही दर्जा असतो आणि तो मोठेबाबांना एका नजरेत कळतो. सुईच्या टोकाएवढी बारीक रेघ ही हिशेब करणाऱ्यांची. कॅशियर, ऑडिटर, पोस्टमास्तर. लांबून शर्ट एकरंगी वाटतो आणि जवळ गेल्यावर रेघ दिसते, तशीच या लोकांची विनोदबुद्धी. मध्यम रेघ मास्तरांची आणि सहकारी संस्थेच्या संचालकांची. सारख्या रुंदीच्या रंगीत आणि पांढऱ्या पट्ट्यांना कापडवाले बेंगाल स्ट्राइप म्हणतात. बंगालच्या बंदरातून असलं सुती कापड विलायतेला जायचं, म्हणून हे नाव. लंडनचे साहेब आजही ते मोठ्या ऐटीत घालतात आणि आमचा ग्रामसेवकही घालतो, फक्त ग्रामसेवकाच्या खिशात दोन पेन जास्त असतात. त्याहून रुंद रेघ घालणारा माणूस गुत्तेदार तरी असतो, नाही तर व्हायच्या बेतात. बोटभर रुंदीचा पट्टा मात्र शर्टात शोभत नाही, असं मोठेबाबांचं ठाम मत आहे. त्याची जागा गादीच्या खोळीवर.

इथे जरा थांबायला हवं, कारण सुती रेघेने आपल्या घरात नुसत्या शर्टापुरता मुक्काम केलेला नाही. गादीचं कापड रेघांचं. लग्नाच्या हॉलमधली सतरंजी रेघांची. रात्रीचा पायजमा रेघांचा. आणि ज्या वस्त्राशिवाय मराठी पुरुषाचं चित्र पुरं होत नाही, ती पट्ट्यापट्ट्याची नाडीची चड्डी, तीही रेघांची. उन्हाळ्यात अंगणात गादी टाकून मोठेबाबा आडवे झाले की गादी कुठे संपते आणि ते कुठे सुरू होतात, हे फक्त घोरण्यावरून ओळखता येतं.

पण रेघ उभीच हवी. आडवी रेघ लहान पोरांनी घालावी किंवा चोरांनी. लहानपणी वाचलेल्या प्रत्येक चित्रकथेत चोर आडव्या पट्ट्यांचा बनियन घालूनच चोरीला निघायचा, जणू त्याशिवाय त्याला घरफोडीचा परवाना मिळत नव्हता. यामागे इतिहास आहे. मध्ययुगीन युरोपात पट्ट्यांच्या कपड्यांकडे फार वाईट नजरेने बघत. १२५४ साली कार्मेलाइट पंथाचे साधू पट्टेरी झगे घालून पॅरिसमध्ये आले, तर लोकांनी रस्त्यात त्यांची अशी टर उडवली की वाद थेट पोपपर्यंत गेला. तीसेक वर्षं रेटारेटी झाली आणि अखेर १२८७ मध्ये त्या साधूंनी पट्टे सोडून पांढरे झगे घेतले. म्हणजे युरोपात पट्ट्यांनी नको जीव केला की माणसं पांढऱ्याकडे पळाली, आणि आमच्या वर्ध्यात पांढऱ्याने नको जीव केला की माणसं पट्ट्यांकडे. पुढे अमेरिकेतल्या तुरुंगांनी कैद्यांना पट्टे दिले, १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने खलाशांना आडव्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा ठरवून दिला, आणि त्या सदऱ्याची पुढे पॅरिसमध्ये फॅशन झाली. कैदी, खलाशी, फॅशनवाले. मास्तर कुठेच नाही. रेघेला इभ्रत द्यायची तर ती उभी करावी लागते, आणि हे काम विदर्भातल्या शाळाखात्याने केलं, असं मोठेबाबा सांगतात. या दाव्याला पुरावा नाही, पण त्यांच्या वर्गात पुरावा मागायची पद्धतही नव्हती.

उभ्या रेघेने माणूस सडपातळ दिसतो, हे सगळे शिंपी सांगतात. मी एकदा मोठेबाबांना कौतुकाने सांगितलं की हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालच्या आपल्या ग्रंथात नेमकं उलटं लिहून ठेवलंय. एकाच मापाचे दोन चौरस घेतले, एक उभ्या रेघांनी भरला आणि एक आडव्या, तर आडव्या रेघांचा चौरस जास्त उंच आणि अरुंद दिसतो. मोठेबाबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. निळ्या रेघा छातीवर सरळ येत होत्या, पोटावर आल्यावर दोन्ही बाजूंना फाकत होत्या आणि पट्ट्यापाशी पुन्हा एकत्र येत होत्या. म्हणाले, "त्या जर्मनानं चौरस पाह्यला. गोल कुठी पाह्यला?"

आता मुद्दा असा, की रेघ का टिकली? शंभर फॅशनी आल्या नि गेल्या, बेलबॉटम गेली, मोठ्या कॉलरी गेल्या, आणि हा शर्ट मात्र तिथेच उभा. अभिरुची वगैरे कारणं देणाऱ्यांनी एकदा हातमागासमोर बसावं. वर्ध्यात ते अवघड नाही. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींनी उघडलेलं. खादीच्या तंत्रात आयुष्य घातलेल्या मगनलाल गांधींचं त्याला नाव दिलंय. नाना तऱ्हेचे चरखे तिथे मांडून ठेवलेत. गोपुरीला विनोबांच्या प्रेरणेने उभं राहिलेलं ग्रामसेवा मंडळ आहे. तिथेही सूत आणि माग हेच काम. अशाच एका मागावर बसलेल्या काकांना मी विचारलं होतं, की खादीत एवढ्या रेघा का असतात. त्यांनी धोटा थांबवला नाही. म्हणाले, "रेघ फुकट पडते जी."

मग त्यांनी मला समजावलं ते असं. कापडाचे उभे धागे आधी ताणून मागावर चढवायचे असतात. त्यालाच ताणा म्हणतात. चढवतानाच मध्ये मध्ये रंगीत धागे घातले, वीस पांढरे, चार निळे, वीस पांढरे, चार निळे, की रेघ ठरली. एकदाच ठरली. त्यानंतर विणकर नुसता पांढरा आडवा धागा टाकत बसतो आणि रेघ आपोआप लांबत जाते. डोकं लावायला नको, हात थांबवायला नको. चौकट हवी असेल तर आडव्यातही रंग बदलावा लागतो, म्हणजे दर थोड्या वेळाने धोटा बदला, धागे मोजा, चुकलात तर उसवा. नक्षी हवी असेल तर आणखी भानगडी. आणि अगदी कोरं पांढरं विणावं, तर हातसुतातला प्रत्येक जाडाबारीक धागा, प्रत्येक गाठ उघडी पडते. रेघेत ते खपून जातं. "पांढऱ्यात चुकी दिसते, चौकटीत मेहनत दिसते, रेघेत काईच दिसत नाई," काका म्हणाले. एवढा नेमका वाङ्मयीन निकष मी मराठी समीक्षेतही वाचलेला नाही.

म्हणजे जगातली सगळ्यात स्वस्त सजावट ती ही. कंजूष माणसाने एकदा जिवावर उदार होऊन चार निळे धागे घातले आणि मग ताणा संपेपर्यंत त्या उदारतेवर जगत राहिला, असा हा प्रकार. वऱ्हाडी-नागपुरी माणसाच्या स्वभावाला तो इतका मानवतो, की रेघ इथे रुजली नसती तरच नवल. रंगाचीही फार मिजास नाही. नीळ, डाळिंबाची सालं, हिरडा, मंजिष्ठा, गुळात कुजवलेलं गंजकं लोखंड, एवढ्या शिध्यावर निळं, पिवळं, करडं, तांबूस, काळं, सगळं निघतं. मगन संग्रहालयाची माणसं खादीवर असे रंग आजही चढवतात.

एकाच ताण्यावरून एकाच रेघेचं भरपूर कापड निघत असल्यामुळे आणखी एक सामाजिक परिणाम होतो. पूर्वी दिवाळीला आमच्या घरी एकच थान यायचं. त्यात वडिलांचे शर्ट, काकांचे शर्ट, आम्हा चुलत भावांचे शर्ट आणि उरल्या कापडात उशांचे अभ्रे. आमच्या घरातल्या एका जुन्या फोटोत सगळे पुरुष एकाच रेघेत ओळीने उभे आहेत आणि मागच्या खिडकीला पडदाही तोच. फोटो बघायला येणारे पाहुणे आधी कुठल्या खात्यात नोकरीला होते सगळे, असं विचारतात.

रेघेचं गणित मोठेबाबांनी एकदा पाटीवरच सोडवून दाखवलं. खादीचा पन्हा छत्तीस इंच धरा. इंचाला चाळीस उभे धागे. म्हणजे पन्ह्यात १४४० धागे. शर्टाला कापड अडीच मीटर. १४४० गुणिले अडीच, झाले ३६०० मीटर. आडवे धागेही इंचाला साधारण तेवढेच, म्हणजे आणखी ३६०० मीटर. एकूण ७२०० मीटर सूत. एक गुंडी हजार मीटरची, म्हणजे सात गुंड्यांहून थोडं जास्त. मग खडू ठेवून, पॉज घेऊन, जुन्या सवयीने शेवटच्या बाकाकडे बघून ते म्हणाले, "वर्ध्याहून सेवाग्राम किती?" आठेक किलोमीटर. म्हणजे एका शर्टातलं सूत उलगडत चालत गेलं तर माणूस बापूकुटीच्या जवळपास पोहोचतो. उघडाच पोहोचेल, हे आम्ही मनातल्या मनात म्हणालो.

अर्थात तिथे उघडं पोहोचायला हरकत नव्हती. कापडाच्या या सगळ्या खटाटोपाच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाने स्वतः शर्ट कधीच सोडला होता, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, मदुराईत. गांधीजी वर्ध्याला मुक्कामाला आले ते १९३४ नंतर, पंच्यावर. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले आणि त्या शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. कापडाचा एवढा मोठा प्रचारक आणि अंगावर एवढं थोडं कापड, हे उदाहरण जगाच्या व्यापारात दुसरं नसेल. दुकानदाराने स्वतःचा माल कमीत कमी वापरावा, हे तत्त्व वर्ध्याच्या मिठाईवाल्यांनाही जमलेलं नाही.

मोठेबाबांच्या पिढीने मात्र सूत हाताने काढलं. १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम निघाली. पोरांनी हाताने काम करता करता शिकायचं, आणि ते काम म्हणजे बहुतेक ठिकाणी कताई. मोठेबाबा शाळेत जायला लागले तेव्हाही तकलीचा तास टिकून होता. भूगोलात नापास झालेला पोरगा तकलीत पहिला यायचा आणि गुरुजी म्हणायचे, "सूत बरं आहे तुझं, गंगा कुठून निघते ते राहू दे." मोठेबाबांचं सूत इतकं तुटायचं की मास्तरांनी त्यांना गणिताकडे वळवलं. पण बोटाला सूत कळलं ते कळलंच. आजही ते दुकानात कापड हातात घेतात, उन्हाकडे धरतात, एक धागा ओढतात, चुरगळतात, वास घेतात, आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरेपर्यंत भाव विचारत नाहीत. दोन ऑक्टोबरनंतर खादी भंडारात सूट सुरू झाली की हा सोहळा रोज चालतो. घेतात एकच शर्टपीस. तोही पुढच्या वर्षीचा.

खरी परीक्षा शिंप्याकडे. एकरंगी शर्ट कुणीही शिवेल. रेघेचा शर्ट म्हणजे शिंप्याच्या जातिवंतपणाची कसोटी. छातीवरचा खिसा असा बसला पाहिजे की त्याच्यावरची रेघ खालच्या रेघेला बरोब्बर मिळावी आणि खिसा आहे की नाही हे हात घालेपर्यंत कळू नये. बटणपट्टीच्या मधोमध एक रेघ सरळ उतरली पाहिजे. कॉलरची दोन्ही टोकं सारखी. एका टोकाला निळी आणि दुसऱ्याला पांढरी आली की माणूस तिरका दिसतो. बाहीवरची रेघ कफात शिरताना मोडता कामा नये. या सगळ्यासाठी कापड जास्त लागतं, कारण खिसा नेमक्या रेघेवरूनच कापावा लागतो. शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यातलं सनातन भांडण इथेच सुरू होतं.

"अडीच मीटर लागन गुरुजी."

"सव्वादोनात बसते."

"सव्वादोनात शर्ट बसते जी, रेघ नाई बसत."

हा संवाद मी लहानपणापासून ऐकत आलोय. शिंपी बदलले, बापाच्या जागी पोरगा मशीनवर बसला, पायाच्या मशीनला मोटर लागली. संवाद तोच. मोठेबाबा शेवटी अडीच मीटरच देतात, आणि उरलेला तुकडा मोजून परत घेतात. त्या तुकड्यांच्या पिशव्या आमच्या घरात आहेत. त्यातून मोठीआईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, गोधड्या शिवल्या. त्या गोधडीवर झोपलं की सबंध घराण्याचा वस्त्रेतिहास अंगाला टोचतो.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला, टेरीकॉटचा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. अशा उन्हात टेरीलीनचा शर्ट घालून नवरदेव घोड्यावर बसायचे आणि मांडवात येईपर्यंत त्यांचं वजन घटलेलं असायचं. पण कापड चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही, या दोन गोष्टींवर अख्खी पिढी भाळली. या बाबतीत मला हसावं की रडावं कळत नाही. हा जिल्हा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा त्यांच्या तोंडी हिंगणघाटच्या कापसाचं नाव होतं. इंग्रज सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. पुढे हिंगणघाटला आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या निघाल्या, आर्वीचा कापूस पुलगावला आणायला छोटी रेल्वे धावू लागली. आता ती रेल्वे थांबलेली आहे आणि पुलगावच्या गिरणीचा भोंगा म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा वाजतो. आमचा शेतकरी क्विंटलच्या भावाने हिंगणघाटच्या मार्केटात कापूस घालतो, गाडी रिकामी करतो आणि परत जाताना बाजारातून नगाच्या भावाने लायनिंगचा शर्ट घेतो. कापूस कुठून कुठे गेला, कुठल्या गावी त्यात पॉलिस्टर मिसळलं, कुणी रेघ मारली, याचा पत्ता त्याच्या लेबलावरही नसतो. दुकानदार म्हणतो, "प्युअर कॉटन आहे काका." ज्याने जन्मभर कापूस पिकवला त्याला हे सांगायला धाडस लागतं. काका कापड बोटात धरतात, काही बोलत नाहीत, पन्नास रुपये कमी करून घेतात.

या शर्टाची सगळ्यात मोठी महती मात्र घरातल्या बायकांना माहीत आहे, कारण धुतात त्या. तर्रीपोह्याची तर्री, खर्ऱ्याचा शिंतोडा, गोरसपाकाचं तूप, गळक्या पेनाची शाई, हे सगळं पांढऱ्यावर गुन्हा म्हणून नोंदलं जातं. रेघांत ते मिसळून जातं. तर्री बहुधा तांबूस रेघेवरच का पडते, हा अभ्यासाचा विषय आहे. की तांबड्या रेघेचा शर्ट घेणारेच तर्री जास्त खातात, हेही तपासायला हवं. मोठीआईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "डाग पडते म्हून यायले रेघ आवडते. रेघ आवडते म्हून डाग पाडतेत." मोठेबाबा यावर गणिताचं पुस्तक उघडतात.

शर्ट घालून घालून कॉलर फाटली की मोठेबाबा ती उलटून शिवून घेतात. दुसऱ्यांदा फाटली की शर्ट शेतात जातो. गड्याच्या अंगावर दोन हंगाम काढतो. मग बांधावरच्या बुजगावण्याच्या अंगावर चढतो, आणि त्या शर्टातलं बुजगावणं लांबून थेट मोठेबाबांसारखं दिसत असल्यामुळे पाखरांपेक्षा शाळा बुडवणारी पोरंच त्याला जास्त भितात. तिथून खाली उतरला की फडकं. बटणं आधीच काढून डब्यात. खोबऱ्याच्या तेलाच्या त्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आमच्या घराची बटणसंपत्ती आहे, आणि वाटणीपत्रात तिचा उल्लेख असावा असं मोठेबाबांना प्रामाणिकपणे वाटतं.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला तो अंगात रेघेचा शर्ट घालून. घरात आनंदीआनंद. आयटीत गेलेला पोरगा जीन्स-टीशर्ट सोडून लायनिंगवर आला, म्हणजे रक्त शेवटी रक्तच, असं वातावरण. शर्टाला पुठ्ठ्याचं लेबल लटकत होतं, त्याने मुद्दाम काढलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं की हे कापड हातमागावर विणलेलं असून त्यातला असमानपणा हा दोष नव्हे, ते सौंदर्य आहे. किंमत त्याने हळू आवाजात सांगितली. मोठीआईच्या हातातली चकली तुटली.

मोठेबाबांनी शर्ट काढायला लावला. उन्हाकडे धरला, धागा ओढला, वास घेतला. "कापड चांगलं आहे," म्हणाले. पुतण्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांचं बोट छातीवर थांबलं. खिशाची रेघ खालच्या रेघेपासून चक्क अर्धा इंच हललेली होती.

"हे काय?"

"मोठेआजोबा, ते असंच असतं. हँडमेड आहे ना. इम्परफेक्शन."

मोठेबाबांनी आयुष्यात अनेक पोरांच्या तोंडून उत्तर चुकल्याची अनेक कारणं ऐकली होती, पण हे नवीन होतं. ते शर्ट घेऊन उठले आणि पुतण्याला बनियनवर तसाच मागे घेऊन शिंप्याकडे गेले. शिंप्याच्या पोराने शर्ट पाहिला, खिसा पाहिला, जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"मिळवून दे रेघ," मोठेबाबा म्हणाले.

"कपडा पायजे गुरुजी. खिसा नवा कापावा लागन. ह्या कपड्याचा तुकडा कुठून आणू?"

"एवढ्या पैशाचा शर्ट आणि तुकडा नाई दिला सोबत?"

"नाई जी, हे लोक नाई देत."

मोठेबाबा बराच वेळ त्या खिशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काढून टाक खिसा."

पुतण्या काही बोलायच्या आत ब्लेड फिरलं होतं. पुण्याला जाताना त्याने तोच शर्ट घातला होता, बहुधा रागाने. चार दिवसांनी त्याचा फोन आला. ऑफिसात दोघांनी त्याला विचारलं होतं, बिनखिशाची ही स्टाइल कुठल्या ब्रँडची, आणि वर्ध्याचा तो डिझायनर ऑनलाइन ऑर्डर घेतो का. मोठेबाबांनी फोन शिंप्याकडे नेऊन दिला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगा त्यायले, कपडा अडीच मीटर लागन."